शामानांचं शहाणपण आणि आपला आत्मविश्वास : सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी पहाटे आम्ही दहा-बारा जण एकत्र बसतो. कुणीतरी हलगीवर एकसारखा ठेका धरतं, बाकीचे वीसेक मिनिटं डोळे मिटून पडून राहतात, मग उठून बोलतात. गेली 9 वर्षं हे चालू आहे. त्याआधी मी 32 वर्षं शाळेत शिकवलं. मी शामान नाही, कुणाला बरं करत नाही. मी वाचलं, शिकले, स्वतःवर करून पाहिलं आणि उपयोगी पडलं ते सोबतच्यांना सांगत गेले. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते.

शामान म्हणजे कोण? आपल्या 'शमन' शब्दाशी त्याचा संबंध आहे का?

क्षुधाशमन, अग्निशमन यांतलं शमन संस्कृतातलं, त्याचा अर्थ शांत करणं. 'शामान' हा शब्द सैबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषाकुळातला. हे रेनडिअर पाळणारे, शिकारीवर जगणारे लोक. सतराव्या शतकात प्रवाशांच्या लिखाणातून हा शब्द युरोपात पोचला आणि पुढे अभ्यासकांनी तो जगभरातल्या तशाच माणसांना लावला. मंगोलियात अशा बाईला उदगन म्हणतात, कोरियात मुदांग (त्या बहुतांशी बायकाच), नेपाळात झांक्री, उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांत नोआइदी. हा शब्द आपल्या 'श्रमण'वरून गेला असं काही अभ्यासकांनी मांडलं होतं. ते सिद्ध झालेलं नाही, तेव्हा अभिमानाने सांगत फिरू नये.

शामानाचं काम साधारण असं: ढोलाच्या ठेक्यावर मन एका वेगळ्या अवस्थेत न्यायचं, तिथे वस्तीची अडचण मांडायची, उत्तर घ्यायचं आणि परत यायचं. परत येणं हा त्यातला सगळ्यात कठीण भाग. जो जातो आणि परत येत नाही त्याला ते लोकही आजारीच समजतात.

मग आपले भगत, देवऋषी, पोतराज, आराधी हे शामानच की!

काही बाबतीत साम्य फार जवळचं आहे. वारल्यांचा भगत, मेळघाटातल्या कोरकूंचा भुमका यांना अभ्यासक त्याच ओळीत बसवतात. तुळजाभवानीच्या गोंधळात संबळ घुमायला लागल्यावर अंगावर काटा येतो, तोही त्याच जातीचा अनुभव. एक साम्य मला फार आवडतं. थंडीत किंवा दमट हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून हलगीवाला ती जाळावर शेकून घेतो. सैबेरियातला शामानही आपला ढोल विधीआधी जाळावर असाच शेकतो. हजारो मैलांवरची दोन माणसं, दोघांच्या हातात कातडं, दोघांसमोर विस्तव.

पण दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे हलगी एका विशिष्ट समाजाच्या गळ्यात घातली गेली आणि तिच्यासोबत अपमानही. पोतराजाच्या आसुडामागे भूक होती. डोक्यात जट झाली म्हणून कितीतरी मुली देवाला सोडल्या गेल्या. ज्या घरांनी हे सोडलं त्यांनी विचार करून, किंमत मोजून सोडलं. त्यांना आता 'अहो, हे केवढं शहाणपण होतं' असं आपण सांगायला जाऊ नये. आमच्यात हलगी वाजवायला शिकवणारे दादा त्याच समाजातले आहेत. त्यांना आम्ही गुरू म्हणून मानधन देतो आणि बसतानाही ते आमच्या बरोबरीने बसतात.

याचा आत्मविश्वासाशी काय संबंध?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याला शिकवलेलं असतं की आत्मविश्वास ही आतली वस्तू आहे. आरशासमोर उभं राहा, 'मी करू शकते' असं दहा वेळा म्हणा. मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आले होते. ज्यांच्यात आधीच थोडं बळ होतं त्यांना ते उपयोगी पडलं. ज्यांच्यात नव्हतं त्यांना स्वतःचा आवाजच खोटा वाटायचा.

शामानी समाजात क्रम वेगळा आहे. सैबेरियात होणारा शामान आधी आजारी पडतो. स्वप्नात त्याचे तुकडे होतात, हाडं मोजली जातात, मग तो पुन्हा जोडला जातो. यातून बरा झालेला माणूस लगेच शामान ठरत नाही. तो वस्तीसाठी काम करायला लागतो, वस्ती त्याच्याकडे यायला लागते, तेव्हा कुठे त्याला ते नाव मिळतं. म्हणजे त्याचा स्वतःवरचा विश्वास तीन ठिकाणाहून येतो: मोडून पुन्हा उभं राहिल्याच्या आठवणीतून, दुसऱ्यासाठी केलेल्या कामातून, आणि ते काम पाहणाऱ्या माणसांकडून.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये 'आपण हे करू शकतो' ही खात्री कशातून येते याची मांडणी केली. त्यांनी सगळ्यात वर ठेवली ती गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष करून जमल्याचा अनुभव. त्याखाली आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, भरवशाच्या माणसाचे शब्द, आणि आपल्या शरीराची अवस्था. हे वाचलं तेव्हा मला आपली गड्ड्याची यात्रा आठवली. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला तो पोरगा एवढी उंच, जड काठी तोलून चालतो, तेव्हा 'मला जमेल' असं पुटपुटत नसतो. यात्रेआधी कित्येक रात्री त्याने सराव केलेला असतो, मोठ्यांना पेलताना पाहिलेलं असतं, तोल जायला लागला तर धरायला चार हात शेजारी असतात, आणि सगळं सोलापूर बघत असतं. बांडुरांच्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी तर त्या एका मिरवणुकीत उघड दिसतात.

म्हणून आमच्याकडे हलगी ऐकून झाली की काम संपत नाही. डोळे मिटलेल्या अवस्थेत जे सुचलं त्यातून एक लहानशी कृती निवडायची, ती तीन दिवसांत करायची, आणि कुणा एकाला सांगून करायची. कृती नसेल तर त्या वीस मिनिटांतून चांगली झोप मिळते आणि तेवढंच.

एखादं उदाहरण सांगाल?

विडी वळणाऱ्या एक काकू (त्यांना विचारून लिहिते, ओळख थोडी बदलली आहे). पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू. बँकेत गेल्या की मराठी बोलताना जीभ अडकायची, म्हणून कायम मुलाला सोबत न्यायच्या. पहिल्या दोन रविवारी त्यांना काहीच दिसलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांची आजी दिसली, मागावर बसलेली, तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारत होती. काकू म्हणाल्या, "धागा तुटला म्हणून ती कधी माग सोडून उठली नाही." त्यांची त्या आठवड्याची कृती: एकटीने जाऊन पासबुक भरून आणायचं, शब्द अडला तर अडू द्यायचा, पुन्हा जोडायचा. त्या गेल्या. दोनदा अडल्या. पासबुक भरून आणलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका बाईला सोबत घेऊन गेल्या, तिला मदत करायला.

आजी खरंच आली होती का, असं मला विचारतात. काकूंच्या मनात ती होती आणि ऐन वेळी सापडली. मला तेवढं पुरतं.

घरी कसं करायचं?

सुरुवातीला कुणीतरी घरात असताना करा. पोट फार भरलेलं नको. जमिनीवर चादर टाकून उताणं पडा, डोळ्यांवर ओढणी किंवा टॉवेल. मोबाइलवर फोन येऊ देऊ नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटेच करा, दुपारी अंग तापलेलं असतं आणि झोप लागते.

पडण्याआधी प्रश्न ठरवा आणि वहीत लिहा. इथे बहुतेक जण चुकतात. 'मला नोकरी लागेल का?' हा भविष्याचा प्रश्न झाला, तो इथे विचारायचा नाही. 'तो मला का त्रास देतो?' हा दुसऱ्याच्या मनाचा प्रश्न, तोही नको. 'मुलाखतीत मला शांत राहायला काय मदत करेल?' हा चालेल. प्रश्नात 'मी' हवा आणि 'कसं' किंवा 'काय' हवं.

ठेका एकसुरी हवा. सेकंदाला साधारण चार ठोके, चढउतार नाही, नाचायला लावणारी लय नाही. शिकाऊ हातालाही थोड्या सरावाने जमतो. एकटे असाल तर आधी मोबाइलवर पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. शेवटी एक मिनिट जलद ठोके आणि मग चार मोठे, वेगळे ठोके घाला. ती परत येण्याची खूण.

आता डोळे मिटून तुम्हाला माहीत असलेली एक जागा आठवा. जुनी विहीर, शेताचा बांध, भुईकोट किल्ल्याची भिंत, कुठलीही, पण पायाखाली माती असलेली. तिथून एखादी वाट आत किंवा खाली जाते असं बघा आणि चालू लागा. काय भेटेल ते भेटू द्या. तुमचा प्रश्न त्यालाच विचारा. खूण ऐकू आली की आल्या वाटेनेच परत फिरा, वाटेत थांबू नका.

उठल्यावर तळपाय जमिनीवर घट्ट टेका, पाणी प्या, काहीतरी खा. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. चावायला वेळ लागतो, त्यात माणूस पूर्ण भानावर येतो. मग बोलण्याआधी वहीत लिहा. आधी बोललं की लोकांच्या चेहऱ्याकडे बघून आपण गोष्ट सजवतो.

ढोलाने मेंदूच्या लहरी बदलतात वगैरे दावे तुम्ही ऐकाल. मी ते करत नाही. एकसुरी आवाजाने विचारांची वर्दळ कमी होते, श्वास संथ होतो, हे कुणीही पंधरा मिनिटांत अनुभवू शकतो.

मला काहीच दिसत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

अजिबात नाही. काहींना चित्रं दिसतात, काहींना शब्द येतात, काहींना फक्त अंगात कुठेतरी जडपणा किंवा ऊब जाणवते. मला स्वतःला पहिले चार महिने काळोखच होता. एकदा शेंगदाणे भाजल्याचा वास आला आणि आईची सगळी दुपार आठवली. तेव्हापासून मला वासच येतात. जे येतं ते लिहा.

असं करताना अंगात येईल का?

आम्ही करतो त्यात येत नाही. अंगात येणं म्हणजे बाहेरचं कुणीतरी आपल्यात येतं असा अनुभव, आणि इथे आपण स्वतःच हिंडून येतो. भान असतं, कुकरची शिट्टी ऐकू येते, मनात आणलं तर लगेच उठता येतं. तरी कुणाला आधीपासून अंगात येत असेल तर मी त्यांना हलगीजवळ बसवत नाही. त्यांच्याशी निवांत बोलते. बऱ्याचदा असं दिसतं की घरात त्या बाईचं कुणी एक वाक्य ऐकून घेत नाही, आणि देवी आली की सगळे हात जोडून ऐकतात. त्या बाईला तिच्या स्वतःच्या आवाजात बोलता यावं, यासाठी मी जीव तोडून प्रयत्न करते.

ही अंधश्रद्धा नाही का? कायद्यात बसतं का?

ज्या क्षणी मी म्हणेन की माझ्यात दैवी शक्ती आहे, मी तुमचा आजार काढते, तुमच्यावर करणी झाली आहे, त्या क्षणी ती फसवणूक होईल आणि गुन्हाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अंगात शक्ती असल्याचं भासवून लोकांना घाबरवणं किंवा फसवणं, साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत आणि दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. हा कायदा मला आधार वाटतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे एक दादा दोन रविवार आमच्यात येऊन बसले, खूप प्रश्न विचारून गेले. त्यांचं सांगणं ऐकून आम्ही उदबत्ती आणि लिंबू बंद केलं. त्यावाचून काही अडलं नाही.

'पॉवर अ‍ॅनिमल' म्हणजे काय? माझा वाघ आहे का?

शामानी कथांत प्राणी मदतनीस असतात, वाट दाखवतात. आजच्या कार्यशाळांतून ही कल्पना फार पसरली. त्यांच्यामागे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायकल हार्नर यांचं मोठं काम आहे. त्यांनी इक्वेडोर आणि पेरूतल्या आदिवासींमध्ये राहून शिकलेल्या गोष्टींतून शहरी माणसासाठी सोपी पद्धत बांधली. तिच्यावर टीकाही होते, की त्या लोकांचं जगणं वगळून नुसतं तंत्र उचललं. टीका मला पटते आणि पद्धतीचा उपयोगही होतो. दोन्ही खरं आहे.

सगळ्यांना वाघ हवा असतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीला घोरपड दिसली आणि ती हिरमुसली. मी म्हटलं, घोरपड काय करते आठव. धरलं की सोडत नाही. ती वर्षभर एका विषयाला तशी चिकटून बसली.

प्राणी दिसला तर त्याला खरोखर जाणून घ्या. नान्नजच्या माळरानावर जा, काळवीट बघा. कळप चरत असताना कुणीतरी एक मान वर करून असतंच. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण ज्या गवतात तो राहायचा ते गवत तरी बघा. आणि एक कळकळीची विनंती: नशीब उघडण्यासाठी म्हणून 'हाताजोडी' नावाची मुळी विकतात, ती घेऊ नका. ती मुळी नसतेच. घोरपडीला मारून काढलेला नराचा अवयव वाळवून तो विकतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली घोरपडीला पूर्ण संरक्षण आहे.

'आत्म्याचा तुकडा हरवतो' असं म्हणतात ते काय?

मोठा धक्का बसला की माणसातला एक भाग निघून जातो आणि शामान तो शोधून आणतो, अशी समजूत सैबेरियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आहे. आपणही म्हणतोच की, 'ती गेल्यापासून तो पहिला राहिला नाही.' भाषा म्हणून मला ती फार मोलाची वाटते. 'माझ्यात दोष आहे' असं म्हणणारी मुलगी जेव्हा 'माझं काहीतरी दहावीच्या वर्गात राहून गेलंय' असं म्हणते, तेव्हा तिला परत आणायला जाण्यासारखं काहीतरी मिळतं. तिने मग चित्रकलेची वही पुन्हा काढली.

पण हीच कल्पना धंद्यालाही सोयीची आहे. मी एका शहरात दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे माझे तीन तुकडे हरवलेत असं सांगून पुढच्या, दुप्पट पैशांच्या पातळीला नाव नोंदवायला सांगितलं. नवरा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी पैसे भरले. त्या दिवसांतला माझा एकटेपणा त्यांनी ओळखला आणि वापरला, हे कळायला मला बराच काळ लागला. तुमच्या दुःखाचं मोजमाप करून पावती फाडणाऱ्यापासून उठून या.

अयाहुआस्का किंवा मशरूम घेतल्याशिवाय हे अपुरं आहे का?

नाही. सैबेरिया, मंगोलिया, कोरिया, आपल्याकडचे भगत, यांचा मोठा भार ढोल, गाणं, उपास आणि जागरणावर आहे. अयाहुआस्का हा अमेझॉनच्या खोऱ्यातला वेल आणि पानांचा काढा. त्यातलं डीएमटी भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली बंदी असलेलं आहे. शिवाय नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांसोबत तो घेतला तर जिवावर बेतू शकतं. धोत्रा तर कुणी चेष्टेतही तोंडात घालू नये.

कुणी हे करू नये?

अपस्मार म्हणजे फिट येणारे. भास होतात, आवाज ऐकू येतात किंवा तसा आजार पूर्वी होऊन गेला आहे असे. नुकताच मोठा आघात झालेले, निदान काही महिने. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या एक दिवसही बंद करू नका. जगणं नको वाटत असेल तर रविवारची वाट पाहू नका. 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आणि दिवसरात्र. मराठीत बोलता येतं.

मी मुसलमान आहे / लिंगायत आहे / देव मानत नाही. चालेल?

चालतं. आमच्यात सगळे आहेत. कुणाचं नाव घ्यायला लावत नाही. ज्यांच्या श्रद्धेत हे बसत नाही त्यांनी नुसतं हलगी ऐकत वहीत लिहिलं तरी पुरे.

परंपरा दुसऱ्यांची, आपण वापरणं बरोबर आहे का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. सामी लोकांचे ढोल मिशनऱ्यांनी हिसकावले, जाळले. अँडर्स पौल्सन नावाच्या म्हाताऱ्या नोआइदीचा ढोल जप्त झाला, 1692 मध्ये त्याच्यावर खटला चालला, आणि तो ढोल सामी लोकांना कायमचा परत मिळाला 2022 मध्ये. सोव्हिएत काळात सैबेरियातल्या शामानांचा असाच छळ झाला. एवढं सोसून जपलेल्या गोष्टीचे पोशाख घालून आपण मिरवू नये. त्यांची गाणी, पिसं, पदव्या घेऊ नयेत. ठेका, शांतता, प्रश्न आणि वस्तीसाठी काम, एवढं घ्यावं. आणि आपल्याकडचं आपण विसरलोत का ते बघावं. सिद्धरामांबद्दल, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांबद्दल, आपण काय सांगतो? बाराव्या शतकात या माणसाने योगाबरोबर तलाव खोदला. ते पाणी अजून शहराच्या मध्यावर आहे.

घरचे हसतात. काय करू?

सांगू नका, करून दाखवा. एका ताईंच्या सासूबाई महिनाभर बोलत होत्या. कोजागरीला सून चालत तुळजापूरला निघाली, 45 किलोमीटर, आयुष्यात पहिल्यांदा घरच्या कुणाशिवाय. पहाटे सासूबाईंनीच फोन करून विचारलं, "पाय दुखतायत का गं?"

किती दिवसांत फरक पडतो?

माझ्या पाहण्यात, जे दर आठवड्याला एक कृती करतात त्यांना दोन-तीन महिन्यांत स्वतःलाच वहीत फरक दिसतो. जे फक्त हलगी ऐकतात त्यांना वर्षानेही दिसत नाही.

फी आहे का?

नाही. चहाचा खर्च आणि हलगीवाल्या दादांचं मानधन आम्ही वाटून घेतो. ज्याला जमत नाही तो चादरी घड्या घालतो.

हलगी नसेल तर?

डफ, डबा, लाकडी पाट, काहीही. एकजण स्टीलच्या डब्यावर लाकडी चमच्याला फडकं गुंडाळून वाजवायचा, ठेका उत्तम धरायचा. हलगी घेणार असाल तर वाजवणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा, कातडं तोच निवडेल. पावसाळ्यात ती कोरड्या कापडात ठेवा आणि वाजवण्याआधी शेका, पण जाळापासून हातभर लांब. फार तापली तर कातडं फाटतं.